नव्या कॅमेऱ्याची परीक्षा



गेल्या पावसाळ्यात आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाने एक डिजिटल एसएलआर कॅमेरा आणि त्याला बसणारे १२ मि.मी. नाभीय अंतराचे वाइड-अँगल भिंग विकत घेतले. गावातला एक जुना वाडा दिवाळीनंतर पाडला जाणार होता. त्याच्या खोल्या, लाकडी खांब, कोनाडे आणि भिंतींवरची पुसट होत चाललेली चित्रे यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत, असे मुलांनी ठरवले होते. पैसे मुलांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी जमवले होते. दुकानदाराची अट अशी, की दोष आढळला तर दहा दिवसांच्या आत भिंग बदलून मिळेल, नंतर मिळणार नाही. एकदा वाडा पडला, की पुन्हा छायाचित्रे घेण्याची संधी नव्हती. तेव्हा आधी या जोडीची नीट परीक्षा घ्यायला हवी होती.

ती परीक्षा घेताना माझ्या हातून एक चूक झाली. ती कशी झाली आणि कशी सापडली, हे आज तुम्हांला सांगणार आहे. सोबत, कॅमेरा व भिंग कसे तपासावे हेही आपण पाहू. लागणारे साहित्य म्हणजे जुनी वर्तमानपत्रे, मोजण्याची फीत, एक छोटा सपाट आरसा, दोरा आणि वाळूची पिशवी. यांतल्या कशालाही फारसा खर्च नाही.

वाइड-अँगल भिंग कशासाठी?

समजा, तुम्हांला ३ मीटर रुंदीची भिंत एका चित्रात घ्यायची आहे. आमच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी जो संवेदक असतो, त्याची रुंदी २४ मि.मी. आहे. समरूप त्रिकोणांवरून असे दिसते, की

भिंतीची रुंदी ÷ भिंतीचे अंतर = संवेदकाची रुंदी ÷ नाभीय अंतर.

आता ५० मि.मी.चे भिंग घेतले, तर भिंतीपासून सव्वासहा मीटर दूर जावे लागेल. वाड्याच्या माजघरात एवढी जागा कुठून आणणार? पण १२ मि.मी.चे भिंग लावले, तर दीड मीटर अंतर पुरते. कोनांच्या भाषेत सांगायचे, तर ५० मि.मी.चे भिंग या संवेदकावर आडवे सुमारे २७ अंश पाहते आणि १२ मि.मी.चे भिंग ९० अंश पाहते. म्हणजे खोलीच्या एका कोपऱ्यात उभे राहिले, की त्या कोपऱ्याच्या दोन्ही भिंती चौकटीच्या दोन कडांशी येतात आणि समोरची सगळी खोली चित्रात मावते.

पण इथे एक अडचण आहे. एसएलआर कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे ४५ अंशांत एक आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश तो वर वळवतो आणि आपण डोळा लावतो त्या खिडकीत पाठवतो. चित्र घेताना आरसा खट्कन वर उचलला जातो आणि प्रकाश संवेदकावर पडतो. या आरशाला हलायला जागा हवी. म्हणून अशा कॅमेऱ्यांत भिंग बसवण्याच्या कड्यापासून संवेदकापर्यंत सुमारे ४४ ते ४७ मि.मी. अंतर ठेवलेले असते. साधे १२ मि.मी.चे बहिर्गोल भिंग तर संवेदकापासून १२ मि.मी.वरच बसवावे लागेल आणि तिथे आरसा आडवा येईल!

यावर उपाय असा. पुढे किरण पसरवणारा अंतर्गोल भिंगांचा गट आणि मागे किरण एकत्र आणणारा बहिर्गोल गट बसवायचा. मग किरण शेवटच्या काचेपासून बरेच मागे एकत्र येतात, पण प्रतिमेचा आकार मात्र १२ मि.मी.च्या भिंगाइतकाच राहतो. फ्रान्समधील पिएर आंजेन्यू यांनी १९५० साली ३५ मि.मी. फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी या रचनेचे भिंग ‘रेट्रोफोकस’ या नावाने आणले. या सोयीची किंमत म्हणजे काचांची वाढलेली संख्या. त्या सर्वांचे अक्ष एकाच रेषेत असावे लागतात. त्यांतली एखादी काच धक्क्याने किंवा जुळणीतल्या चुकीने किंचित कलली, तरी चित्राची एक बाजू पुसट येऊ शकते. नव्या वाइड-अँगल भिंगात पहिली शंका घ्यायची, ती याच दोषाची.

वर्तमानपत्रांची भिंत

ही शंका तपासण्यासाठी प्रयोगशाळेच्या भिंतीवर आम्ही वर्तमानपत्रे चिकटवली. बारीक छपाई ही उत्तम कसोटी आहे. आमच्या कॅमेऱ्यात २४ मि.मी. रुंदीत ६,००० पिक्सेल आहेत, म्हणजे एक पिक्सेल ०.००४ मि.मी.चा. भिंत १ मीटरवर असेल, तर एका पिक्सेलमध्ये भिंतीवरचा सुमारे पाव ते अर्ध्या मिलिमीटरमधला, नेमके सांगायचे तर ०.३३ मि.मी.चा तुकडा येतो. छापील अक्षराची उंची त्यात सहा-आठ पिक्सेल भरते. चित्र दोन पिक्सेलांनी जरी पुसट झाले, तरी वेलांट्या आणि मात्रा एकमेकींत मिसळतात.

कॅमेरा तिपाईवर लावला, भिंतीपासून १ मीटरवर ठेवला, नजरेने काटकोन साधला आणि भिंगाचे छिद्र सर्वांत मोठे, म्हणजे एफ/२.८ ठेवले. छिद्र मोठे असले, की दोष सर्वांत उघड दिसतात. फोकस कॅमेऱ्याने आपोआप केला. चित्र संगणकावर मोठे करून पाहिले, तर उजवीकडचा मजकूर स्वच्छ वाचता येत होता. डावीकडे मात्र बातम्यांच्या जागी राखी पट्टे! पुन्हा चित्र घेतले. पुन्हा तेच.

आता, दुकानातून हे सामान गावी आणताना पिशवी अकरावीतल्या एका मुलीकडे होती. तिने आल्याबरोबर आपण होऊन मला सांगितले होते, “सर, एसटीने एकदम ब्रेक मारला, तेव्हा पिशवी मांडीवरून घसरली.” ते मला आठवले. मी सर्वांसमोर म्हणालो, “धक्क्याने आतली काच हलली. आता दुकानदार बदलून देणार नाही.” ती काही बोलली नाही. मंडळाची आठ महिन्यांची वर्गणी वाया गेली, असा अर्थ वर्गाने घेतला आणि तो माझ्याच बोलण्यामुळे घेतला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी चित्राची छापील प्रत घेऊन माझ्याकडे आली. तिने पट्टीने मथळ्यांची अक्षरे मोजली होती. “सर, सगळीकडे एकाच वर्तमानपत्राची पाने आहेत. मग उजवीकडची अक्षरे डावीकडच्यांहून मोठी का?”

मी पाहिले. उजव्या कडेची अक्षरे डाव्या कडेच्या जवळजवळ सव्वापट होती. हा पुरावा काल माझ्या डोळ्यांसमोरच होता. पण मी पुसट अक्षरेच शोधत होतो, त्यामुळे मला पुसटपणाच दिसला.

कॅमेरा उलटा करून पाहा

आता प्रश्न असा होता, की दोष भिंगात आहे की आमच्या मांडणीत? याचे उत्तर काढण्याची युक्ती तुम्हांला ठाऊक आहे. तराजूविषयी शंका आली, तर चोखंदळ गिऱ्हाईक काय करते? पारड्यांतली वजने आणि माल यांची अदलाबदल करायला लावते. गवंडी नवी पाणसळ घेतो, तेव्हा ती एकदा ठेवून बुडबुडा पाहतो आणि मग टोके फिरवून त्याच जागी पुन्हा ठेवतो. बुडबुडा दोन्ही वेळा खोलीच्या एकाच बाजूला सरकला, तर फरशी उतरती आहे. पाणसळीबरोबर तोही फिरला, तर पाणसळच चुकीची आहे.

आम्ही तेच केले. तिपाई काढून तिच्या जागी स्टूल ठेवले, त्यावर वाळूची पिशवी ठेवली आणि पिशवीवर कॅमेरा डोके खाली करून बसवला. भिंतीवरची मधली खूण पूर्वीप्रमाणेच चौकटीच्या मध्यभागी आणली. बाकी काहीही बदलले नाही.

आता दोनच शक्यता होत्या. दोष भिंगात असेल, तर पुसटपणा भिंगाबरोबर फिरेल आणि भिंतीच्या उजव्या बाजूला येईल. दोष मांडणीत असेल, तर तो भिंतीच्या डाव्या बाजूलाच राहील. चित्र घेतले. पुसटपणा भिंतीच्या डाव्या बाजूलाच होता. भिंग निर्दोष ठरले.

मग मांडणीत काय चुकले होते? फीत लावून मोजले. चौकटीच्या उजव्या कडेला असलेला भिंतीवरचा बिंदू भिंगापासून १२८ सें.मी. दूर होता आणि डाव्या कडेचा १५८ सें.मी. कॅमेरा भिंतीकडे सरळ पाहत असता, तर दोन्ही अंतरे सारखी, सुमारे १४१ सें.मी. आली असती. हिशेब केल्यावर कॅमेऱ्याचा अक्ष काटकोनापासून ६ अंश कलला होता, असे निघाले. नजरेला ६ अंश जाणवत नाहीत, पण ९० अंशांचे चित्र घेणारे भिंग दोन मीटर रुंदीवर तो कल पसरवते.

तरीही एक प्रश्न उरतो. भिंत तिरपी असेल, तर दोन्ही बाजू सारख्याच पुसट यायला हव्यात, एकच का आली? याचे कारण कॅमेऱ्याचा आपोआप होणारा फोकस. कुठे फोकस करायचा हे आम्ही कॅमेऱ्यावर सोपवले होते आणि त्याने जवळची, म्हणजे उजवीकडची बाजू निवडली. त्यामुळे उजवी बाजू स्वच्छ आली आणि दूरच्या डाव्या बाजूला दोन्ही चुकांची बेरीज पडली. तिथल्या प्रत्येक बिंदूची प्रतिमा सुमारे ०.००८ मि.मी. व्यासाची, म्हणजे दोन पिक्सेल रुंदीची तबकडी बनली. मात्रा गिळायला तेवढे पुरे होते.

भिंग चांगले आहे, हे मी त्याच दिवशी वर्गासमोर सांगितले आणि त्या मुलीची माफीही वर्गासमोरच मागितली. दोष दिला होता तो सर्वांसमोर, तेव्हा तो मागे घेणेही सर्वांसमोरच योग्य होते.

काटकोन साधणारा आरसा

नजरेने काटकोन साधत नाही, हे कळले. मग तो साधावा कसा? नववी-दहावीतला परावर्तनाचा नियम इथे उपयोगी पडतो. जो किरण आरशावर स्तंभिकेच्या दिशेने, म्हणजे काटकोनात पडतो, तोच आल्या वाटेने परत जातो.

पाचेक सें.मी.चा सपाट आरसा भिंतीवर, चौकटीच्या मध्यभागी येईल असा घट्ट चिकटवा. खिडकीतून पाहा. आरशाच्या मध्यभागी भिंगाचेच प्रतिबिंब दिसले, तर कॅमेऱ्याचा अक्ष भिंतीला काटकोनात आहे. आमच्या जुन्या मांडणीत आरसा लावून पाहिला, तेव्हा त्यात भिंग मुळीच दिसले नाही. दिसला तो माझा खांदा! अक्ष ६ अंश कलला, की परावर्तित किरण १२ अंश वळतो आणि १ मीटर परत येईतो सुमारे २१ सें.मी. बाजूला जातो. लहान चूक आरसा अशी दुप्पट करून दाखवतो.

तिपाई सरकवून भिंगाचे प्रतिबिंब मध्यभागी आणले. फोकसचा बिंदू चौकटीच्या मध्यावर पक्का केला. बटण दाबताना कॅमेरा हलू नये, म्हणून दहा सेकंदांचा सेल्फ टायमर लावला. आता आलेल्या चित्रात डावी आणि उजवी बाजू सारखीच स्वच्छ होती.

छिद्र किती ठेवावे?

याच मांडणीत छिद्र बदलून पाच चित्रे घ्या. एफ/२.८ म्हणजे नाभीय अंतर भागिले २.८, म्हणजेच आमच्या भिंगाचे छिद्र ४.३ मि.मी. एफ/८ म्हणजे १.५ मि.मी. आणि एफ/१६ म्हणजे ०.७५ मि.मी. आमच्या चित्रांत एफ/२.८ला मध्यभाग उत्तम होता, पण चारही कोपरे सारखेच किंचित मऊ होते. एफ/५.६ आणि एफ/८ला कोपरेही सुधारले. मग छिद्र आणखी लहान केले, तर चित्र आणखी चांगले यावे ना? तसे होत नाही. एफ/१६ला मध्यभागासकट सगळे चित्र मऊ झाले.

हा भिंगाचा दोष नाही. हा प्रकाशाचा गुणधर्म आहे. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे लहान छिद्रातून जाताना पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. बिंदूची प्रतिमा तबकडीसारखी होते आणि तिचा व्यास २.४४ × तरंगलांबी × छिद्राचा अंक एवढा असतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.०००५५ मि.मी. धरली, तर एफ/१६ला हा व्यास ०.०२१ मि.मी., म्हणजे पाच पिक्सेलांहून अधिक होतो. एफ/८ला तो याच्या निम्मा असतो. जगातले सर्वोत्तम भिंग घेतले, तरी या नियमातून सुटका नाही.

नाभीय अंतर खरोखर १२ मि.मी. आहे का?

भिंगावर छापलेला अंकही तपासता येतो. भिंतीवर मोजण्याची फीत आडवी ताणा. भिंगाच्या पुढच्या काचेपासून भिंतीपर्यंत १०० सें.मी. अंतर ठेवून चित्र घ्या आणि फितीचा किती भाग चित्रात आला, ते वाचा. रुंदी खिडकीत पाहून ठरवू नका. पुष्कळ कॅमेऱ्यांची खिडकी पूर्ण चित्र दाखवत नाही. आमच्या चित्रात २०३.५ सें.मी. फीत आली. सूत्रात घातले, तर नाभीय अंतर ११.८ मि.मी. येते.

पण ही पद्धत थोडी कच्ची आहे. कोन पुढच्या काचेपासून मोजायचा नसतो. तो भिंगाच्या आत, छिद्राची प्रतिमा जिथे दिसते तिथून मोजायचा असतो. ती जागा बाहेरून कळत नाही. मग काय करावे? अंतर १५० सें.मी. करून पुन्हा मोजावे. आम्हांला ३०३ सें.मी. मिळाले. अंतरातला फरक ५० सें.मी. आणि रुंदीतला फरक ९९.५ सें.मी. वजाबाकी केली, की ती अज्ञात जागा हिशेबातून निघून जाते. २४ × ५० ÷ ९९.५ = १२.०६ मि.मी. अंक बरोबर होता. अनुनाद नळीच्या प्रयोगात दोन लांबींची वजाबाकी करून आपण टोकाची दुरुस्ती काढून टाकतो, त्यातलीच ही युक्ती.

रेषा, अंधार आणि ठिपके

भिंतीवर, चौकटीच्या वरच्या कडेजवळ दोरा ताणून बांधा. चित्राच्या छापील प्रतीत त्यावर पट्टी ठेवा. आमच्या २० सें.मी. लांबीच्या प्रतीत दोरा मध्यभागी २ मि.मी. बाहेर फुगलेला होता. पिंपाच्या फळ्यांसारखी ही विकृती पुष्कळ वाइड-अँगल भिंगांत असते आणि ती संगणकावर दुरुस्त करता येते. चौकटीच्या मध्यातून जाणारी रेषा मात्र सरळच राहते. कॅमेरा वर उचलून इमारतीचे चित्र घेतले, की तिच्या उभ्या कडा वर एकमेकींकडे झुकतात. तो भिंगाचा दोष समजू नका, तो कॅमेरा कलल्याचा परिणाम आहे.

चित्राचे कोपरे काळवंडतात का, हे पाहायला पांढरा कागद पुरतो. पण खोलीतला उजेडच एका बाजूने येत असेल तर? इथेही कॅमेरा उलटा करून दोन चित्रे घ्या. दोन्ही वेळा चौकटीच्या कोपऱ्यातच राहणारा काळोख भिंगाचा, आणि कागदाच्या एकाच बाजूला राहणारा खिडकीचा.

शेवटी संवेदक. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांची वाट १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधलेल्या सीसीडीपासून सुरू झाली. त्यासाठी त्यांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आता बहुतेक कॅमेऱ्यांत सीमॉस जातीचा संवेदक असतो. भिंगावर झाकण घालून ३० सेकंदांची दोन चित्रे घ्या. काळ्या चित्रात काही रंगीत ठिपके दिसतील. दोन्ही चित्रांत त्याच जागी असतील ते सदोष पिक्सेल, जागा बदलतील ते केवळ विद्युत गोंगाटाचे. मग छिद्र एफ/१६ करून मोकळ्या आकाशाची दोन चित्रे, कॅमेरा थोडा वळवून घ्या. चौकटीत एकाच जागी राहणारा डाग संवेदकावरच्या धुळीचा. हलला तर ती घार!

या सर्व चाचण्यांत आपण एकच गोष्ट केली. एक घटक बदलला, बाकीचे तसेच ठेवले आणि दोष कोणाबरोबर हलतो ते पाहिले. मी पहिल्या दिवशी काहीही न बदलता तेच चित्र पुन्हा घेतले होते. तीच चूक दोनदा केली, तर उत्तर दोन्ही वेळा सारखेच येते. त्याने निष्कर्षाला बळकटी येत नाही.

दिवाळीच्या सुटीत आम्ही वाड्याची छायाचित्रे घेतली. माजघराची प्रत्येक भिंत एकेका चित्रात मावली. प्रत्येक भिंतीवर आधी आरसा धरायचे काम त्याच मुलीने केले.

करून पाहा

१. आता आरसा नसलेले कॅमेरे आणि मोबाइल फोन अधिक वापरले जातात. वर्तमानपत्राची व दोऱ्याची चाचणी मोबाइलवर करा. मोबाइल उलटा धरून कोणते दोष फिरतात आणि कोणते जागेवर राहतात, त्यांची नोंद करा.

२. संवेदक २४ मि.मी. रुंद आणि भिंग १६ मि.मी.चे असेल, तर ३ मीटर रुंदीची भिंत किती अंतरावरून पूर्ण मावेल?

३. आमच्या दोन मोजमापांवरून कोन मोजण्याची जागा पुढच्या काचेच्या किती मागे आहे, ते काढा. उत्तर सव्वादोन सें.मी.च्या आसपास आले पाहिजे.